रानपिंगळा : स्वरूप, सवयी आणि तापीकाठची एक खोटी नोंद

प्रस्तावना

घुबडासाठी 'दिवाभीत' हा शब्द मराठीत संस्कृतातून आला आहे. दिवसाला भिणारा तो दिवाभीत. पहाटेच्या काळोखात कंदील व कुडमुडे घेऊन दारी येणारा आणि पक्ष्याची भाषा जाणतो म्हणून भविष्य सांगणारा पिंगळा जोशी हाही याच समजुतीच्या कुळातला. पिंगळा हा रात्रीचा, अशुभाच्या किंवा भविष्याच्या सूचनेचा पक्षी, अशी लोकमानसाची धारणा दीर्घकाळ राहिली आहे. परंतु याच पिंगळ्याचा एक जवळचा नातलग सातपुड्याच्या पायथ्याशी भर उन्हात शिकार करतो, उघड्या फांदीवर ऊन खात बसतो आणि तरीही शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांच्या दृष्टीस पडला नव्हता. हा पक्षी म्हणजे रानपिंगळा होय. त्याला वनपिंगळा असेही म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय असे असून काही अभ्यासक त्याची गणना अथेनी या प्रजातीत करतात.

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याचा या पक्ष्याच्या इतिहासाशी असलेला संबंध आकस्मिक नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचे बहुसंख्य नमुने याच परिसरातून गोळा झाले आणि १९९७ मध्ये त्याचा पुनःशोधही याच परिसरात लागला. मधल्या काळात तो हरवला कसा, याचे उत्तर काही अंशी त्याच्या रूपात आहे, आणि काही अंशी एका संग्रहालयातील खोट्या चिठ्ठीत आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. घुबडांचा गण ससाणे, गरुड यांच्या गणांहून वेगळा आहे. तथापि बाकदार चोच, तीक्ष्ण नख्या आणि जिवंत भक्ष्यावर उपजीविका या लक्षणांमुळे त्यांना व्यापक अर्थाने शिकारी पक्षीच म्हटले जाते.

परिसर

प्रकाशा हे गाव तापी व गोमाई या नद्यांच्या संगमावर वसले आहे. केदारेश्वराच्या मंदिरामुळे आणि सिंहस्थातील मेळ्यामुळे ते 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननामुळे परिचित आहे. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर येथील टेकाडात मिळाले. म्हणजे तापीच्या या काळ्या मातीवर माणूस किमान साडेतीन हजार वर्षे शेती करीत आला आहे, आणि नदीकाठची सपाटी फार पूर्वीच जंगलमुक्त झाली असावी.

प्रकाशाहून उत्तरेस निघाल्यावर कापूस, ऊस, केळी यांची शेते लागतात. मग शहादा, आणि त्याच्या पलीकडे सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते. वर तोरणमाळचे पठार आहे. मैदान व डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात साग, सालई, मोई, धावडा, तेंदू अशा वृक्षांचे विरळ पानझडी जंगल आहे. रानपिंगळ्याचे घर याच मधल्या पट्ट्यात आहे. मैदानात तो येत नाही. डोंगरमाथ्यावरील दाट झाडीतही त्याचे आढळणे कमी. शेताची सीमा जेथे संपते आणि वनखात्याची हद्द जेथे सुरू होते, नेमक्या त्या वादग्रस्त किनारीवर तो राहतो. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

बाह्यस्वरूप

रानपिंगळ्याची लांबी सुमारे २३ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साळुंकीएवढी असते. मात्र बांधा अगदी वेगळा. डोके मोठे, मान जवळजवळ नाहीच, चोच बळकट आणि पाय आखूड पण जाडजूड. पायांवर पांढऱ्या पिसांचे दाट आवरण असते आणि नख्या शरीराच्या मानाने मोठ्या असतात. डोळे पिवळे असतात.

गावातील वडाच्या, चिंचेच्या ढोलीत किंवा जुन्या घराच्या वळचणीला राहणारा नेहमीचा पिंगळा, अथेनी ब्रामा, हा आकाराने थोडाच लहान असल्यामुळे दोहोंत गल्लत होणे स्वाभाविक आहे. ही गल्लत टाळण्यासाठी डोके प्रथम पाहावे. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट विखुरलेले असतात, तर रानपिंगळ्याचा माथा करड्या-तपकिरी रंगाचा आणि जवळजवळ कोरा असतो. ठिपके असलेच तर अगदी अस्पष्ट. पाठही तशीच साधी. त्यानंतर छाती व पोट पाहावे. रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग सलग गडद तपकिरी असतो आणि त्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. कुशींवर मात्र रुंद तपकिरी पट्टे असतात. नेहमीच्या पिंगळ्याचे पोट तुटक तपकिरी खुणांनी भरलेले दिसते. पंख व शेपटी यांवरील पांढरे पट्टे रानपिंगळ्यात रुंद आणि ठसठशीत असून शेपटीच्या टोकालाही पांढरी किनार असते.

याच जंगलात तिसरा एक छोटा पिंगळा राहतो, ग्लॉसिडियम रेडिएटम. त्याच्या अंगभर बारीक आडव्या रेघा असल्यामुळे तो वेगळा ओळखता येतो. मात्र काही मराठी याद्यांत त्यालाही 'रानपिंगळा' म्हटले गेले आहे. त्यामुळे विद्यार्थ्यांनी केलेली नोंद तपासताना केवळ मराठी नावावर विसंबून चालत नाही.

लक्षणे कागदावर वाचताना हा फरक सोपा वाटतो. प्रत्यक्षात साठ-सत्तर फुटांवरून, पानांच्या आडून, उजेडाच्या विरुद्ध दिशेने पाहिलेल्या पक्ष्याच्या माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत हे सांगणे अनुभवी निरीक्षकालाही जड जाते. १९६८ मध्ये रानपिंगळ्याची म्हणून प्रसिद्ध झालेली छायाचित्रे पुढे नेहमीच्या पिंगळ्याची ठरली, यात आश्चर्य नाही.

सवयी

रानपिंगळा दिनचर आहे. हिवाळ्यातील थंड सकाळी तो उंच, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर येऊन ऊन घेतो. ऊन चढू लागल्यावर खालच्या फांद्यांवर उतरून शिकारीस लागतो. त्याची पद्धत बैठकीची आहे. एका फांदीवर निश्चल बसून जमिनीकडे टक लावायची आणि हालचाल दिसताच झेप घ्यायची. बसलेला असताना तो शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत राहतो. भक्ष्य दिसले की या झटक्यांचा वेग वाढतो. नेहमीचा पिंगळा अस्वस्थ झाला म्हणजे सबंध अंग वर-खाली हलवतो. शेपटीची ही आडवी झटक, जेथे माथ्यावरचे ठिपके दिसत नाहीत तेथेही ओळखीस उपयोगी पडते.

त्याच्या आहाराच्या एका अभ्यासात सुमारे ६० टक्के भक्ष्य सरडे, पाली व सापसुरळ्या यांचे आढळले. उंदीरवर्गीय प्राणी सुमारे १५ टक्के होते, पक्षी अवघे २ टक्के, आणि उरलेला वाटा कीटक, इतर अपृष्ठवंशीय प्राणी व बेडूक यांचा होता. दिवसा शिकार करण्याचे कारण या आकड्यांशी जोडून पाहणे योग्य ठरेल. सरडे व सापसुरळ्या उन्हातच हालचाल करतात. त्यांच्यावर पोसणाऱ्या शिकाऱ्याला रात्रीच्या अंधाराचा फारसा उपयोग नाही.

आवाजही वैशिष्ट्यपूर्ण आहेत. नराचे गाणे मृदू, दोन स्वरांचे, बासरीत हलकेच फुंकर घातल्यासारखे असते. हद्दीवरून तंटा झाला म्हणजे तो 'क्वाक्' असा कर्कश आवाज काढतो. जानेवारी-फेब्रुवारीत, प्रियाराधनाच्या ऐन दिवसांत, ध्वनिमुद्रित आवाजाला तो फार लवकर प्रतिसाद देतो. सर्वेक्षणाच्या दृष्टीने ही सोय आहे, पण छायाचित्रासाठी तोच आवाज वारंवार वाजविला गेला तर नर घरटे सोडून काल्पनिक प्रतिस्पर्ध्याचा शोध घेत बसतो.

घरटे झाडातील नैसर्गिक ढोलीत असते. ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून किंवा सुतार पक्ष्याच्या उद्योगातून ती आयती मिळावी लागते. त्यासाठी जुने, वाळकी फांदी असलेले, वनशास्त्राच्या हिशेबी 'निरुपयोगी' ठरलेले झाड जंगलात उभे राहिले पाहिजे. बहुधा दोन अंडी असतात. या काळात नर शिकार करतो आणि भक्ष्य मादीला आणून देतो. पिल्लांना भरविण्याचे काम मादी करते. पिल्ले ३० ते ३२ दिवसांत ढोलीबाहेर पडतात. नराने स्वतःचीच पिल्ले खाल्ल्याचेही अभ्यासकांनी नोंदविले आहे. ही नोंद वाचून धक्का बसतो, परंतु अनेक शिकारी पक्ष्यांत असे वर्तन आढळते आणि त्याला मानवी नीतीचे मापदंड लावणे अप्रस्तुत आहे.

सात नमुने

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी सध्याच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळविला. पुढील वर्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' या आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. 'हेटेरोग्लॉक्स' म्हणजे 'वेगळे घुबड'. वेगळी प्रजाती मानण्याचा हा निर्णय योग्य होता की नाही, यावर सव्वाशेहून अधिक वर्षे वाद चालला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने रानपिंगळा हा अथेनी कुळाच्या आतच मोडतो असे दाखविले.

दुसरा नमुना भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये सध्याच्या ओडिशातील खरियार येथे मिळाला. त्यानंतर मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकाच्या आरंभी तळोदा व शहादा येथून काही नमुने गोळा केले. त्या वेळी हा सारा मुलूख अखंड खानदेश जिल्ह्यात होता. डेव्हिडसन यांनी पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादीही प्रसिद्ध केली असून या विभागाच्या पक्षिशास्त्राचा तो आजही मूलाधार आहे. तळोदा आणि शहादा ही दोन्ही ठिकाणे प्रकाशापासून काही कोसांवरच आहेत. एकोणिसाव्या शतकातील एकूण सात नमुन्यांपैकी बहुतेक येथून गेले आणि १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची एकही खात्रीची नोंद झाली नाही.

तापीकाठची खोटी नोंद

यानंतर जी एकमेव 'नोंद' पुढे आली ती मात्र प्रतिष्ठित होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या पक्षिसंग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातमधील मांडवी हे ठिकाण व ऑक्टोबर १९१४ ही तारीख होती. मांडवीही तापीच्याच काठी, पण प्रकाशाच्या बरीच खाली, सुरतेकडे. संग्रह लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात १९५४ मध्ये दाखल झाला आणि नोंद संदर्भग्रंथांत शिरली. तिच्यामुळे पक्षी तीस वर्षे अधिक काळ दिसत होता असे ठरले आणि त्याचा प्रदेश तापीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेस पसरला. १९७० च्या दशकात सलीम अली आणि एस. डिलन रिप्ली यांनी पक्ष्याचा शोध घेतला, पण त्यांना यश आले नाही.

१९९० च्या दशकात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन दक्षिण आशियातील पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथाचे काम करीत असताना माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील लबाड्या उघडकीस येऊ लागल्या होत्या. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. क्ष-किरण छायाचित्रे घेतली, आतील भराव पाहिला, शिवणीची पद्धत इतर नमुन्यांशी ताडून पाहिली. कातडे पूर्वी एकदा भरलेले होते आणि नंतर उसवून नव्याने भरले होते. मूळ हाताळणीच्या खुणा डेव्हिडसन यांच्या नमुन्यांशी जुळत होत्या. निष्कर्ष असा निघाला की हा नमुना डेव्हिडसन यांनीच खानदेशात मिळविलेला होता आणि तो संग्रहालयातून चोरून, रूप बदलून, नव्या चिठ्ठीसह पुन्हा संग्रहात आला होता. हा शोधनिबंध १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

थोडक्यात, खानदेशचा पक्षी कागदोपत्री गुजरातेत नेऊन ठेवला गेला होता. संग्रहालयातील नमुन्याचे मोल कातड्यात जेवढे असते तेवढेच पायाला बांधलेल्या चिठ्ठीत असते. चिठ्ठी खोटी असेल तर नमुना निरुपयोगी होतोच, शिवाय पुढच्या शोधकालाही तो चुकीच्या वाटेला लावतो. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत धूळ खात पडलेल्या, ठिकाण-तारखेविना ठेवलेल्या नमुन्यांच्या संदर्भातही ही घटना लक्षात घेण्याजोगी आहे.

मांडवीची नोंद बाद केल्यावर शोधाचा नकाशा सोपा झाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी प्रथम पूर्वेकडील जुनी ठिकाणे पाहिली. तेथे काही हाती लागले नाही. मग ते डेव्हिडसन यांच्या मुलखात आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग यांना एका उघड्या झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. कोरा माथा, जाड पांढरे पाय, रुंद पट्ट्यांची शेपटी. नमुने हाताळलेल्या रासमुसेन यांना ओळख पटण्यास ही लक्षणे पुरेशी होती. पक्षी दिवसाढवळ्या, चित्रीकरण करता येईल इतका शांत बसून राहिला. ११३ वर्षांचा खंड अशा रीतीने संपला. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

अधिवासाचा प्रश्न

पुनःशोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळ व लगतच्या भागात पक्ष्याचा पहिला सविस्तर अभ्यास केला. पुढे मेळघाटात त्याची ज्ञात असलेली सर्वांत मोठी संख्या आढळली. यावल अभयारण्य आणि मध्य प्रदेशातील खंडवा व बुऱ्हाणपूर भागातील जंगलांतही तो आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो दिसला, तेव्हा सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. त्याच सुमारास गुजरातच्या डांग जिल्ह्यातील पूर्णा अभयारण्यातून नोंदी आल्या. अखेर गुजरातचे नाव रानपिंगळ्याच्या नकाशावर आले आहे, पण ते खऱ्या निरीक्षणामुळे. त्यामुळे मांडवीची चिठ्ठी खरी ठरत नाही.

या नव्या नोंदींमुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा बदलला. प्रौढ पक्ष्यांची संख्या २५० ते ९९९ च्या दरम्यान मानली गेली. दर्जातील हा बदल मुख्यतः अधिक ठिकाणे पाहिली गेल्यामुळे झाला आहे. तो पक्षी वाढल्याचा पुरावा म्हणून वाचणे चूक ठरेल.

ज्या परिसरात पुनःशोध झाला तेथील परिस्थिती मेळघाटासारखी नाही. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पाचे संरक्षण आहे. शहादा-तळोद्याच्या पायथ्याकडील जंगल मात्र राखीव वन असूनही वर्षानुवर्षे आक्रसत गेले. त्याची कारणे एकपदरी नाहीत. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताखाली गेली. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील विस्थापित आदिवासी कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकात तळोद्याच्या राखीव वनातील सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांवर ज्या तळोद्याचे नाव आहे तेच हे तळोदे. नर्मदेवरच्या धरणाची किंमत अशा रीतीने तापीच्या खोऱ्यातील जंगलाने चुकविली. ज्यांना येथे जमीन मिळाली त्यांनी स्वतःचे जंगल आणि नदी आधीच गमावली होती, हे विसरून केवळ 'अतिक्रमण' या एका शब्दात या प्रश्नाची बोळवण करणे अन्यायाचे होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याच्या हक्कास मान्यता दिली, तशीच सामूहिक वनसंपत्तीच्या रक्षणाची जबाबदारी ग्रामसभेकडेही दिली. या दुसऱ्या तरतुदीकडे पक्षिसंवर्धनाच्या चर्चेत अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

रानपिंगळ्याला दाट, अस्पर्श अरण्य लागत नाही. विरळ झाडी, मधूनमधून मोकळी जमीन, सरड्यांना ऊन मिळेल असा पालापाचोळ्याचा थर आणि ढोली असलेली मोजकी जुनी झाडे एवढ्यावर तो राहू शकतो. किंबहुना लहान शेतांच्या कडेला त्याला भक्ष्य अधिक सुलभ मिळते. मात्र जळणासाठी नेमके वाळके झाडच प्रथम तुटते. मोहफुले वेचण्यासाठी व गवत चांगले यावे म्हणून लावलेल्या वणव्यात पालापाचोळा, त्यातील सापसुरळ्या आणि पोकळ खोडे एकदमच जातात. शेतात उंदरांसाठी ठेवलेले विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर उन्हात भटकतो आणि दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्याच्या नजरेस सहज पडतो. साप, घुबड यांच्याभोवती असलेल्या अंधश्रद्धा व जादूटोण्यासाठी होणारी घुबडांची शिकार यांचा धोका वेगळाच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश असल्यामुळे रानपिंगळ्याला मारणे वा पकडणे हा गुन्हा आहे. परंतु ढोली असलेले वाळके झाड कोणत्याही अनुसूचीत नाही.

शहादा, तळोदा आणि प्रकाशा परिसरातील पिंगळ्यांच्या नोंदी करताना म्हणूनच पक्ष्याबरोबर झाडाचीही नोंद आवश्यक ठरते : झाडाची जात, ढोलीची जमिनीपासूनची उंची, आसपासच्या जमिनीचा वापर, दिवसाची वेळ आणि पक्ष्याच्या शेपटीची हालचाल. माथा कोरा होता की ठिपक्यांचा हे दिसले नसेल, तर 'दिसले नाही' असेच लिहावे लागते.